पांढऱ्या पट्टीच्या आत

“आत्या, आज तरी शटर वर कर ना!”

“नको.”

“निदान अर्धं?”

“नको म्हटलं ना, सोन्या.”

ढब्बू भिंतीला टेकून बसला. खरं म्हणजे ही सुट्टी किती झकास जाणार होती! आत्या त्याला जुन्या स्कूटरचं इंजिन उघडून पुन्हा जोडायला शिकवणार होती. रविवारी जुन्या स्कूटरांची मोठी फेरी निघायची होती. तीस स्कूटर, टेकडीच्या रस्त्याने थेट खाली पुलापर्यंत! त्यात आत्याच्या मागे कोण बसणार, यावरून ढब्बू आणि त्याच्या ताईचं येताना गाडीतच वाजलं होतं. आणि इथे येऊन बघतात तर गॅरेजचं शटर खाली, चहा कपातच गार झालेला, आणि आत्या खिडकीपाशी मुकी बसलेली.

ढब्बू अकरा वर्षांचा. चालायला सावकाश, पण खिसे कायम भरलेले: नट, वायसर, सुतळी, काय नाही ते. त्याची ताई तेराची. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं, म्हणून तिला सगळे ‘वकील’च म्हणत.

“आत्या,” वकील तिच्याजवळ जाऊन बसली, “झालं काय ते नीट सांग. आई फोनवर नुसती ‘तिला त्रास देऊ नका’ एवढंच म्हणाली.”

आत्याने समोर बोट दाखवलं. गल्लीच्या पलीकडे घड्याळवाल्या काकांचं दुकान होतं. तेही बंद. काचेमागे भिंतीवरची घड्याळं दिसत होती. किल्ली द्यायला कोणी नव्हतं, त्यामुळे एकेक करून ती थांबली होती, प्रत्येक वेगळ्याच वेळेला.

“गेल्या गुरुवारी काका त्यांच्या निळ्या स्कूटरवरून टेकडी उतरत होते. पुलाच्या वळणावर ब्रेक लागला नाही. कठड्यावर आदळले. पाय मोडला, डोक्याला मार बसला. शुद्धीवर आले आहेत, पण उजव्या हाताची बोटं हलत नाहीत.” आत्याने समोरच्या काचेकडे पाहिलं. “घड्याळं दुरुस्त करणारा हात आहे तो.”

वकिलाने आत्याचा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला.

“पण यात तुझा काय दोष?” ढब्बूने विचारलं.

“सोमवारी त्यांची स्कूटर तपासणी केंद्रात पास झाली होती. मंगळवारी मी तिची क्लचची वायर बदलली. गुरुवारी अपघात. आता लोक म्हणतात, सोमवारी ब्रेक चांगले होते तर मंगळवारी हिनेच काहीतरी ढिलं सोडलं. काकांचा मुलगा मला दवाखान्यात आत येऊ देत नाही. रोज सकाळी जाते, बाहेरच्या बाकावर बसते, हात जोडते आणि परत येते.”

“पण तू ब्रेकला हात लावला होतास का?” वकिलाने विचारलं.

“नाही ना! तेच तर!” आत्याचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. “त्यांनी पास झाल्याचा कागद दाखवला. मी म्हटलं, परवाच तपासलंय, कशाला चाक उघडा? मी कागद बघितला गं, ब्रेक नाही बघितला. नंतर मोडकी स्कूटर इथे आणली तेव्हा चाक उघडलं. आत ब्रेकचे लायनर नखाएवढे उरले होते.”

लायनर म्हणजे चाकाच्या आत घासून चाक थांबवणारी पट्टी, हे दोघांनाही ठाऊक होतं. आत्याच्या भाच्यांना एवढं यायलाच हवं!

वकिलाचे डोळे बारीक झाले. “एक मिनिट. मंगळवार ते गुरुवार, दोन दिवसांत लायनर एवढे झिजतात?”

“छे! वर्ष लागतं.”

“म्हणजे सोमवारीही ते झिजलेलेच होते. लायनर काय बर्फाचे आहेत वितळायला? मग स्कूटर पास झाली कशी?”

“तपासणाऱ्याने खाल्लं असणार काहीतरी!” ढब्बू ओरडला.

“पट्टीसाहेबांबद्दल असं बोलायचं नाही,” आत्या म्हणाली. “इतका सरळ माणूस गावात दुसरा नाही. सख्ख्या मेहुण्याची स्कूटर थांबायच्या पट्टीच्या वीतभर पुढे गेली म्हणून त्यांनी नापास केली होती. वर्षभर घरात अबोला होता त्यावरून!”

दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. साहेब खोटे नाहीत, आत्या खोटी नाही, आणि लायनरही खोटे नाहीत. मग?

---

त्याच दुपारी तिघंजण तपासणी केंद्राच्या कुंपणाला नाक लावून उभे होते. तिसरी म्हणजे शेजारच्या गवंड्याची मुलगी. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. ही मुलगी उंच, बारीक आणि काठीसारखी सरळ, म्हणून तिचं नावच ‘ओळंबा’ पडलं होतं.

आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. आवारात आठ-दहा जुन्या स्कूटर रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांना रविवारच्या फेरीआधी कागद हवा होता.

“नव्या गाड्या त्या शेडमध्ये, मशीनच्या फिरत्या रुळांवर तपासतात,” ओळंबाने माहिती पुरवली. “जुन्या स्कूटरची चाकं बारकी. ती रुळांच्या मधल्या फटीत अडकतात. म्हणून त्यांची तपासणी बाहेर, जुन्या पद्धतीने.”

जुनी पद्धत सोपी होती. आवारातल्या सिमेंटवर दोन पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या होत्या. फाटकाच्या बाजूने वेगात यायचं, पहिल्या पट्टीवर ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या आत थांबायचं. दुसऱ्या पट्टीपाशी खाकी टोपीतले एक कृश गृहस्थ कमरेत वाकून, डोळ्यांत तेल घालून उभे होते. हेच पट्टीसाहेब!

एक लाल स्कूटर फटफटत आली. ब्रेक! चाक पट्टीच्या चार बोटं अलीकडे थांबलं.

“पास!” साहेब म्हणाले.

मग एक पांढरी. तीही आत. “पास!”

“बघ, कुठे काय चुकतंय?” वकील वैतागली. “सगळं डोळ्यांसमोर चाललंय!”

ढब्बूने विचार करण्यासाठी खिशात हात घातला. विचार करताना त्याला हातात काहीतरी लागायचंच. बेअरिंगमधला एक मोठा, चकचकीत छर्रा बाहेर आला, बोटांतून निसटला आणि कुंपणाखालून आवारात गेला. तो बरोबर दुसऱ्या पट्टीजवळ पडला.

“माझा छर्रा!”

पण छर्रा तिथे थांबला नाही. आधी हळू, मग जोरात, तो पहिल्या पट्टीकडे घरंगळत निघाला! ती ओलांडून फाटकाजवळच्या गटाराच्या जाळीवर टणकन आपटला.

“धक्का लागला असेल,” वकील म्हणाली.

“मग हा बघ!” ढब्बूने दुसरा छर्रा काढून अलगद आत ठेवला. नुसता ठेवला. तोही निघाला, पहिल्याच्याच वाटेने.

“अगं बाई!” वकील पुटपुटली. “म्हणजे पहिल्या पट्टीकडून दुसरीकडे चढ आहे! स्कूटर चढावर थांबवतात! चढावर तर ब्रेक न लावताही गाडी मंदावते!”

“पण दिसायला तर सपाट दिसतंय,” ढब्बू म्हणाला.

“कुंपणाचा कठडाही त्याच चढाने बांधलाय. डोळा फसतो,” ओळंबा म्हणाली. मग ती एकाएकी कुंपणापासून मागे सरली. तिचा चेहरा उतरला होता.

“काय गं?”

“काही नाही.”

---

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या जेवणाच्या सुट्टीत तिघं आवारात शिरली. ओळंबाने घरून पाण्याची नळी आणली होती. लांबलचक पारदर्शक नळीत पाणी भरायचं. तिची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला राहतं. गवंडी त्याच्यावरून जमिनीचा उतार काढतात.

“ढब्बू, तू पहिल्या पट्टीवर काठी उभी धर. हलू नकोस!”

“मी कधी हलतो का?”

“ते मात्र खरं,” वकील म्हणाली.

दोन काठ्यांवर खडूने पाण्याच्या खुणा केल्या आणि काठ्या शेजारी शेजारी धरल्या. दोन खुणांमध्ये कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर होतं. चांगला हातभर चढ!

“ए! काय चाललंय रे पोरांनो?” जेवणाचा डबा हातात धरून पट्टीसाहेब दारात उभे होते.

वकिलाने एका दमात सगळं सांगितलं. छर्रा, नळी, हातभर चढ, सगळं! साहेब ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर तटतटत होती.

“पंधरा वर्षं मी या पट्टीवर उभा आहे! एक बोट पुढे गेलेली गाडी पास केली नाही. आणि काल सुट्टीला आलेली पोरं मला शिकवणार? नळी ठेवा इथे. आणि निघा!”

“पण साहेब, रविवारी तीस स्कूटर टेकडी उतरणार आहेत!”

“निघा म्हटलं ना!”

नळी गेली. तिघं रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली. मग ओळंबाने ओठ घट्ट मिटले, उघडले आणि म्हणाली, “ते सिमेंट माझ्या बाबांनी केलंय.”

“काय?”

“दोन वर्षांपूर्वी. आवारात पाणी तुंबायचं. बाबांना सांगितलं, पाणी गटाराकडे गेलं पाहिजे. बाबांनी बरोबर उतार दिला. थेंबभर पाणी थांबत नाही आता. मग रंगाऱ्याने जुनी मापं घेऊन जुन्याच जागी पट्ट्या रंगवल्या. काल रात्री मी बाबांना विचारलं. ते जेवता जेवता उठले.” तिने मान खाली घातली. “आता सगळे माझ्या बाबांना बोलतील. तुमच्या आत्याला बोलतात तसं.”

वकील बोटांवर एकेक मोजायला लागली. बाबांनी उतार नीट दिला होता. रंगाऱ्याने माप नीट घेतलं होतं. साहेब पट्टीवर नीट नजर ठेवून होते. आत्याने क्लचची वायर नीट बसवली होती. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि काका पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळले होते.

“तू नको येऊस उद्या,” वकील शेवटी हळूच म्हणाली. “आम्ही दोघं बघू.”

ओळंबाने डोळे पुसले. “वेडी आहेस का? नळी कोण परत आणणार? येणार मी. बाबाही तेच म्हणाले.”

“पण आपलं ऐकणार कोण?” ढब्बूने विचारलं.

“आपलं नाही ऐकणार,” वकील म्हणाली. “पण दारावरच्या चौकटीतलं ऐकतील. कार्यालयाच्या दारावर नियम लावलेत, मी वाचले उभी राहून. फक्त शंका गाडीच्या मालकाने घ्यायला हवी. रांगेत कोणीतरी मालक शोधायला लागेल, ज्याला ओरडा खायची भीती नाही.”

“मी काय करू?”

“तू आत्याच्या गॅरेजमागचे जुने टायर आण.”

“किती?”

“असतील तेवढे!”

---

शनिवारी सकाळी केंद्रात शेवटची मोठी रांग होती. पंधरा स्कूटर. सगळ्यांच्या पुढे हिरव्या स्कूटरवर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. रविवारच्या फेरीचा बेतही त्यांचाच. वकील त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती. बाईंनी एकदा छर्रा स्वतः जमिनीवर ठेवून बघितला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“पुढची गाडी!” साहेबांनी हाक दिली.

“थांबा साहेब,” बाई म्हणाल्या. “मला शंका आहे.”

रांगेतले सगळे मान उंच करून बघायला लागले.

“कसली शंका?”

“तुमच्या दारावरचा चौथा नियम. मुली, वाच गं मोठ्याने.”

वकील दारापाशी उभी होतीच. “चाचणी सपाट जागेवर घ्यावी! जागेबद्दल मालकास शंका असल्यास तीच चाचणी उलट दिशेने पुन्हा घ्यावी!”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. “तूच का? आणि बाई, तुम्हीही या पोरांच्या नादी लागलात?”

“नादी लागायचा प्रश्न नाही. नियम आहे की नाही?”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण नियम होता. आणि नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते! “ठीक आहे. तुमच्या वयात उलटसुलट चाचण्या नकोत. माझी स्कूटर घेतो. गेल्याच महिन्यात, तीन बोटं आत थांबून पास झालीय. रविवारच्या फेरीत सगळ्यांत पुढे तीच असणार आहे. ती थांबली, की या पोरांनी पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. कबूल?”

“कबूल!” तिघंही म्हणाली. ढब्बू मात्र हे म्हणताना घाईघाईने टायर ढकलत होता. फाटकाच्या बाजूला, पहिल्या पट्टीच्या पलीकडे त्याने टायरांची दोन थरांची रास रचली होती.

“हे काय रे? गॅरेज काढतोस की काय?” रांगेतून कोणीतरी टोमणा मारला.

“असू द्या, काका. उपयोगी पडतात.”

मागचं फाटक उघडलं. साहेबांनी आपली करडी स्कूटर मागच्या रस्त्यावर नेली, टोपी घट्ट केली आणि किक मारली. फट् फट् फट्! नेहमीच्याच वेगाने ते आत आले. दुसऱ्या पट्टीवर चाक टेकलं आणि त्यांनी ब्रेक दाबला.

चाक कुरकुरलं. स्कूटर मंदावली, पण थांबली नाही! साहेबांचा पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर पडत होता. पहिली पट्टी आली. गेली! एक पाऊल, दोन पावलं, तीन...

“साहेब!” आत्याचा आवाज होता. ती कधी येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक.

धप्प! स्कूटर टायरांच्या राशीत घुसली. वरचे दोन टायर साहेबांच्या अंगावर पडले आणि टोपी गटारावर जाऊन पडली.

कोणी हसलं नाही.

आत्या धावली. तिने साहेबांना हात देऊन उठवलं, कोपर झटकलं, कुठे लागलंय का बघितलं. मग तिथेच खाली बसून तिने करड्या स्कूटरचं चाक उघडलं. सगळे भोवती वाकले. आतल्या लायनरची नुसती सावली उरली होती.

साहेब सिमेंटवरच बसून होते. त्यांनी विचारलं, “दोन वर्षांत मी किती पास केल्या असतील?”

आकडा त्यांनाच ठाऊक होता. “एकशे चौदा,” ते म्हणाले. “त्यात काकांची एक.”

मागून ओळंबाचे बाबा पुढे आले. सिमेंट लागलेले हात तसेच. “साहेब, उतार मी दिलाय. या जागेवर काय तपासतात, हे मी विचारायला हवं होतं.”

“आणि काय बदललंय, हे मी,” साहेब म्हणाले. त्यांनी ओळंबाची नळी स्वतः आतून आणली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “पोरी, माझी चूक झाली.” मग टोपी उचलून ते वकिलाकडे वळले. “काल तुम्हाला हाकललं. आज तुम्ही टायर रचले नसते तर मी गटारात असतो. शाबास म्हणायला तोंड नाही मला. तरी म्हणतो. शाबास!”

“टायर माझी कल्पना नव्हती, ताईची होती,” ढब्बू म्हणाला. “रचले मात्र मी!”

तेव्हा कुठे दोन-तीन माणसं हसली.

बाईंनी रांगेकडे तोंड केलं. “उद्याची फेरी होणार नाही. आणि आपण सगळे या तिघांचे आभार मानणार आहोत. शाळेतल्यासारखे, मोठ्याने!”

सगळ्यांनी मानले. मग एकेक जण इंजिन न लावता, स्कूटर हाताने ढकलत घरी निघाला. रविवारी टेकडी उतरणार असलेल्या त्या पंधरा रंगीत स्कूटर ढगाळ रस्त्याने मुकाट चालल्या होत्या. वकिलाला वाटलं होतं, रहस्य उलगडलं की खूप आनंद होतो. पण शेवटची स्कूटर वळणाआड जाईपर्यंत ती कुंपणाला टेकून नुसती बघत उभी राहिली.

त्या दुपारी आत्याने शटर वर केलं. पूर्ण! पण लगेच कामाला लागली नाही. आधी एक पुठ्ठा घेतला, त्यावर काळ्या रंगाने सावकाश अक्षरं काढली आणि दारावर टांगला: ‘कागद असला तरी ब्रेक बघितला जाईल.’ मग एकशे चौदा नावांची यादी समोर धरून ती आणि पट्टीसाहेब फोन करायला बसले.

---

रविवारी सकाळी आत्या नेमाप्रमाणे दवाखान्यात गेली. तिघंही सोबत होती. ती बाकावर बसणार तेवढ्यात काकांचा मुलगा बाहेर आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“साहेब काल येऊन सगळं सांगून गेले,” तो म्हणाला. त्याने नुसतं दार उघडून धरलं.

आत काका पाठीवर पडून होते. पाय वर बांधलेला, डोक्याला पट्टी. उजवा हात चादरीवर उताणा, तळवा उघडा, कोणाच्याच नसल्यासारखा.

“या,” काका हळू आवाजात म्हणाले. “किती दिवस बाहेर बसवून ठेवलं तुला.”

आत्याने त्यांच्या पायाशी हात जोडले. “काका, मी ब्रेक बघितला नाही.”

“मीही नाही बघितला. कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघालो.” त्यांनी मान वळवली. “माझी घड्याळं थांबली असतील ना सगळी?”

“हो,” वकील म्हणाली. “आम्ही किल्ली देऊ का?”

“सगळी एकदम नको. जुनी घड्याळं असतात. हळूहळू द्या.” मग त्यांची नजर ढब्बूवर गेली. “छर्रा सोडणारा तो तू का? दाखव बघू.”

ढब्बूने खिशातला छर्रा काढला. त्याला वाटलं, डाव्या हातात द्यावा. पण काका उजव्या हाताकडेच बघत होते. त्याने अलगद तो गार, जड छर्रा त्यांच्या उघड्या तळव्यात ठेवला. तळवा किंचित कलता होता. छर्रा हळूच कडेकडे निघाला.

“पडेल हं, काका!”

छर्रा करंगळीपाशी पोचला. आणि करंगळी, थरथरत, अगदी केसभर, वर उचलली गेली.

छर्रा थांबला.